धौलीच्या खडकावर कारण लिहिलेले नाही

सम्राट अशोकाचे नाव घेतले नाही असा आपला एकही कार्यक्रम होत नाही. त्याचे चक्र देशाच्या ध्वजावर आहे. त्याचे सिंह रुपयाच्या नाण्यावर आहेत आणि आमच्यासारख्या कारकुनाच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक सरकारी कागदावर आहेत. विजयादशमीला आपण या प्रियदर्शी राजाला अभिवादन करतो. परंतु ज्या युद्धाने त्याचे मन पालटले ते युद्ध कुठे झाले, आणि मुळात कशासाठी झाले, हे प्रश्न आपल्या घरात कितीदा निघतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहावे म्हणून आम्ही ओडिशात गेलो. दुसरा प्रश्न तिथे गेल्यावर उभा राहिला, आणि त्याने आम्हाला परतीच्या गाडीतही झोपू दिले नाही.

२०२४ च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाची सुट्टी जोडून, आमच्या वस्तीतील विहाराच्या मंडळातर्फे आम्ही एकतीस जण निघालो. दीड वर्ष दर महिन्याला तीनशे रुपये प्रत्येकाने मंडळाकडे जमा केले होते. त्याची पावती न चुकता फाडली जात होती. मंडळींमध्ये सफाई कामगार होते, रिक्षा चालवणारे होते, दोन निवृत्त गिरणी कामगार, एक अंगणवाडी सेविका ताई, फौजेतून निवृत्त झालेले एक काका, घरकाम करणाऱ्या चार मावश्या आणि शाळकरी मुले होती. मुंबईहून कोणार्क एक्सप्रेसने दोन रात्रींचा प्रवास आहे. पुणे, सोलापूर मागे पडले की मराठी पाट्या संपतात. मग सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम करीत गाडी पूर्व किनाऱ्याला लागते. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेले बोंबील पहिल्याच रात्री संपले. दुसऱ्या रात्री गाडीतल्या भातावर भागवले. भुवनेश्वरला उतरलो तेव्हा उजाडायचे होते.

धौली भुवनेश्वरपासून दक्षिणेला सुमारे आठ किलोमीटरवर आहे. भाड्याच्या मिनी बसने निघालो. वाटेत दया नदीचा पूल लागतो. दोन्ही बाजूंना भातशेती, मध्ये शांत वाहणारे पाणी. कलिंगाच्या युद्धात ही नदी रक्ताने लाल झाली होती, असे तिथले लोक सांगतात. नदीचे नाव मात्र दया! आमच्यातल्या एका मावशींनी खिडकीतूनच हात जोडले. का जोडले असे कोणी विचारले नाही.

टेकडीच्या पायथ्याशी तो खडक आहे. वरच्या अंगाला दगडातून बाहेर येणारा हत्ती कोरलेला आहे. पूर्ण हत्ती नाही, पुढचा अर्धा भाग. जणू डोंगरातून नुकताच बाहेर पडतो आहे. त्याच्याजवळ खडक घासून गुळगुळीत केला आहे आणि त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. हा लेख १८३७ साली किट्टो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उजेडात आणला आणि त्याच सुमारास जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली. त्याआधी शेकडो वर्षे आजूबाजूची माणसे हा खडक पाहत होती, पण त्यावर काय लिहिले आहे हे कोणाला वाचता येत नव्हते.

आमच्या मुलांना या खडकावर तो प्रसिद्ध मजकूर पाहायचा होता, ज्यात राजा कलिंग युद्धाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो. इथेच पहिला धक्का बसला. तो मजकूर इथे नाही. अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी युद्धाचे दुःख सांगणारा लेख तेरावा. तो आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे आहे, उत्तराखंडात काल्सी येथे आहे, गुजरातेत गिरनारला आहे, आंध्रात एर्रगुडीला आहे. आपल्या नालासोपाऱ्यालाही अशोकाच्या लेखमालेतल्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे सापडलेले आहेत. मात्र ज्या कलिंगाची माणसे मेली त्या कलिंगात, धौलीला आणि ब्रह्मपूरजवळच्या जौगडला, अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन लेख गाळलेले आहेत. त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरले आहेत.

त्या वेगळ्या लेखांत काय आहे? धौलीला ते तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. राजा म्हणतो की सर्व माणसे माझी लेकरे आहेत. जसे माझ्या मुलांचे भले व्हावे असे मला वाटते तसेच सर्वांचे व्हावे. कोणाला विनाकारण तुरुंगात टाकू नका, छळ करू नका. आळस, चिडखोरपणा, घाई यांनी न्याय होत नाही. हे नीट चालले आहे की नाही ते पाहायला मी दर पाच वर्षांनी अधिकारी पाठवीन. ठरावीक नक्षत्राच्या दिवशी हा लेख लोकांना वाचून दाखवा. दुसऱ्या लेखात सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांसाठी निरोप आहे की त्यांनी राजाची भीती बाळगू नये. सरकारी नोकरांसाठी इतके जुने आणि इतके स्पष्ट परिपत्रक आम्ही तरी दुसरे पाहिलेले नाही.

पण युद्धाबद्दल तिथे अक्षर नाही. यावर खडकासमोरच दोन मते पडली. एक निवृत्त गिरणी कामगार म्हणाले, "ज्यांना मारलं त्यांच्या दारात बोलायची हिंमत झाली नसेल. लांब नेऊन लिहिलं." अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "दादा, ज्या घरात माणूस गेलाय तिथं जाऊन आकडा सांगतात का? तिथं धीर देतात." दोन्ही बोलणी आम्ही मनात ठेवली.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारले, "पण राजाने लढाई केलीच कशाला?"

बस्स! खडकाशेजारच्या झाडाखाली आमची सभाच भरली. बसच्या ड्रायव्हरने, तो तिथलाच, हिंदीत सांगितले की कलिंगाचा समुद्रावरचा व्यापार मोठा होता, जहाजे दूरदूर जात, मगधाला ती बंदरे हवी होती. हे मत काही ड्रायव्हरचे एकट्याचे नाही. रोमिला थापर यांच्यासारख्या इतिहासकारांनीही लिहिले आहे की दक्षिणेकडे जाणाऱ्या खुष्कीच्या आणि समुद्री वाटांवर कलिंग बसलेले होते, म्हणून मगधाला ते ताब्यात घेणे गरजेचे वाटले असावे.

फौजी काकांना हे पटले नाही. ते म्हणाले, "शेजारी एवढं मोठं सैन्य घेऊन बसलाय म्हटल्यावर कुठला राजा स्वस्थ झोपेल? त्यानं हल्ला करायच्या आधी आपण केला." त्यांच्या बोलण्यालाही आधार आहे. रोमन लेखक प्लिनी याने कलिंगच्या राजाचे सैन्य साठ हजार पायदळ, एक हजार घोडेस्वार आणि सातशे हत्ती असे नोंदवले आहे.

तिसरे मत ताईंचे. नंद राजांच्या काळात कलिंगावर मगधाचा अंमल होता, पुढे ते सुटले. आजोबा चंद्रगुप्ताने एवढे साम्राज्य उभे केले, पण हा तुकडा राहिला. नातवाने ते काम पुरे केले. काही इतिहासकारही असेच मांडतात. आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने २००१ सालच्या 'अशोका' चित्रपटाची गोष्ट काढली. त्यात कलिंगच्या राजकन्येशी राजाचे प्रेम दाखवले आहे. चित्रपटातले तिचे नाव अशोकाच्या एका खऱ्या राणीवरून घेतलेले आहे. कारुवाकी राणीच्या दानाचा लेख प्रयागच्या स्तंभावर आहे. पण त्या लेखात ती दुसरी राणी आणि तीवराची आई एवढेच सांगितले आहे, कलिंगचा त्यात उल्लेख नाही.

शेवटी दुसरे गिरणी कामगार अण्णा, जे इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "राजाला राज्य वाढवायचं होतं. बाकी सगळी कारणं मागाहून जोडलेली."

वाचकहो, आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वीस-बावीस वर्षे हिशेबाची वही हाताळतो आहोत. वहीत रक्कम लिहितात तेव्हा शेजारी तपशिलाचा रकाना असतो. पैसे कशासाठी गेले ते तिथे लिहावे लागते. तपशील नसेल तर हिशेब तपासनीस लाल शाईने खूण करतो. या दृष्टीने तेरावा शिलालेख पाहिला की अंगावर काटा येतो. त्यात रक्कम आहे. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा कलिंग जिंकले, दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख तिथे मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मेली, असे राजा स्वतःच सांगतो. ज्यांच्या घरचे कोणी मेले नाही त्यांनाही आप्तांचे हाल पाहून दुःख होते, हेही सांगतो. याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्याचे लोक जरी आज असे मेले तरी आपल्याला ते जड वाटेल, असे म्हणतो. जगातल्या कोणत्या विजेत्याने आपल्या विजयाचा खर्च असा उघड मांडला आहे? पण तपशिलाचा रकाना त्याने कोरा ठेवला. आणि कोरा रकाना दिसला की जो तो आपापल्या मनाचे त्यात भरतो. व्यापारी बंदरे भरतो, शिपाई सुरक्षितता भरतो, घराण्याचा अभिमानी आजोबांचे अपुरे काम भरतो, चित्रपटवाला प्रेमकथा भरतो.

आकड्यांचीच आणखी एक गोष्ट. प्लिनीने दिलेले पायदळ साठ हजार. ते अशोकाच्या आधीच्या काळचे आहे, पुढे ते वाढलेही असेल. तरी दुप्पट धरा, एक लाख वीस हजार होतात. मेलेले एक लाख, पकडलेले दीड लाख, मिळून अडीच लाख, शिवाय नंतर मेलेले वेगळे. म्हणजे हे सगळे शिपाई नव्हते. शेतकरी होते, कारागीर होते, बायामुले होती. त्यांना राजाने का लढाई केली हे कोणी सांगितले असेल का? आणि सांगितले असते तरी त्यांना काय फरक पडला असता?

इथे परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितलेला रोहिणी नदीचा प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या घरोघरी तो वाचला जातो. शाक्य आणि कोलीय यांच्या चाकरांत पाण्यावरून मारामारी झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. सेनापतीने शाक्य संघाची सभा बोलावून युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला. दोष कोणाचा याची आधी चौकशी करा, दोन माणसे आपण निवडू, दोन त्यांनी निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती सूचना मोठ्या बहुमताने पडली. म्हणजे सिद्धार्थ हरला. पण त्या सभेत एक गोष्ट झाली: युद्धाचे कारण युद्धाच्या आधी, सगळ्यांच्या समोर, मताला टाकले गेले. कोण कोणत्या बाजूने बोलला ते सगळ्यांना कळले. कलिंगाच्या बाबतीत पाटलीपुत्रात अशी सभा भरल्याची नोंद अशोकाच्या कोणत्याही लेखात नाही. शाक्यांनी चुकीचा निर्णय घेतला, पण तपशिलाचा रकाना भरून घेतला.

खडकाकडून वर चढून गेलो की टेकडीच्या माथ्यावर पांढराशुभ्र शांतिस्तूप आहे. तो १९७२ साली बांधला गेला. निचिदात्सु फुजी या जपानी भिक्खूंच्या संघाने तो उभारला. मुंबईत वरळीला जे जपानी बुद्धमंदिर आहे ते याच पंथाचे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. त्यानंतर फुजी गुरुजींनी देशोदेशी असे स्तूप बांधण्याचे काम हाती घेतले. खाली एका राजाचा खडक, वर हरलेल्या देशातील भिक्खूंचा स्तूप. दोन्ही युद्धानंतरचे.

स्तूपाला प्रदक्षिणा घालताना त्याच मुलाने पुन्हा विचारले, "मग जपानने लढाई का केली होती?" मुलांचे प्रश्न असेच असतात, एकाने दार उघडले की दुसरे उघडते. त्याला आम्ही सांगितले ते असे. जपानचे त्या वेळचे राज्यकर्ते म्हणत की आशिया खंड गोऱ्यांच्या जोखडातून सोडवायचा आहे. परंतु १९३१ साली त्यांनी मांचुरिया घेतला आणि १९३७ पासून चीनवर मोठी स्वारी केली. चीन काही गोऱ्यांचा देश नव्हता. १९४१ साली अमेरिकेने तेल बंद केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. मग जपानी फौजा आग्नेय आशियातल्या तेलाच्या खाणींकडे गेल्या. म्हणून दुसरे लोक म्हणतात की कारण तेल, कोळसा आणि जमीन हेच होते. जपानमध्ये हा वाद अजून मिटलेला नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी पंतप्रधान मुरायामा यांनी जपानचे आक्रमण आणि वसाहतींवरील राज्य यांबद्दल जाहीर माफी मागितली. तोक्योतील यासुकुनी मंदिराच्या संग्रहालयात मात्र तेच युद्ध देशाच्या रक्षणासाठी आणि नाइलाजाने झाले असे मांडले जाते. त्याच मंदिराच्या आवारात आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे स्मारक २००५ साली उभारले गेले. तोक्यो खटल्यात आरोपींना निर्दोष ठरवणारा निकाल त्यांनी दिला होता. जपानी सैन्याने अत्याचार केले हे त्यांनी नाकारले नव्हते. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा न्याय करावा हे त्यांना मान्य नव्हते. स्मारकापुढे उभा राहणारा माणूस यातले अर्धेच वाचतो. ऐंशी वर्षे होत आली तरी त्या देशाच्या तपशिलाच्या रकान्यात दोन वेगवेगळ्या शाया आहेत.

स्तूपाच्या पायऱ्यांवर बसून फौजी काका बोलू लागले. त्यांच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये नाव घातले होते. आम्हाला वाटले, आता हा विषय आपल्याच दारात आला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारले नाही. काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली. कम्युनिस्ट म्हणाले हे साम्राज्यवाद्यांचे युद्ध आहे. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनी रशियावर चालून गेल्यावर तेच लोकयुद्ध झाले. सावरकर म्हणत होते हिंदूंनी सैन्यात शिरून युद्धशिक्षण घ्यावे. बाबासाहेबांनी पाहिले की हिटलर जिंकला तर समता आणि लोकशाही हे शब्दच जगातून पुसले जातील. म्हणून त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला आणि आपल्या समाजासाठी स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला ती उभी राहिली. एकच युद्ध, एकच देश, आणि चार पक्षांची चार कारणे.

"आणि तुमच्या आजोबांचं कारण कोणतं होतं?" ताईंनी विचारले.

काका हसले. म्हणाले, "आजोबा सांगायचे, गावात सावली चालत नव्हती, फौजेत एका रांगेत जेवण मिळायचं. आणि दर महिन्याला मनीऑर्डर."

या वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. आपल्या समाजाची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. ती उघडावी म्हणून १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला. १९१७ साली पहिल्या महायुद्धाची गरज पडली तेव्हा महार पलटण उभारली, गरज संपताच मोडून टाकली. आपले पूर्वज सैन्यात गेले ते भाकरीसाठी आणि माणूस म्हणून उभे राहण्यासाठी. देश युद्धात का जातो याचे कारण वेगळे आणि माणूस फौजेत का जातो याचे कारण वेगळे. भाषणे करणारे ही दोन्ही कारणे एकात मिसळतात. शिपायाच्या शौर्याचा मान ठेवायचा म्हणजे राज्यकर्त्यांच्या कारणाला प्रश्न विचारायचा नाही, असे ते आपल्याला पटवतात. शिपायाचा मान ठेवायचाच आहे. म्हणूनच प्रश्न विचारायचा आहे.

दुसऱ्या दिवशी भुवनेश्वरच्या पश्चिमेला उदयगिरी-खंडगिरीची जैन लेणी पाहिली. तिथे हाथीगुंफेच्या कपाळावर खारवेल राजाचा लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. अशोकानंतर कलिंग पुन्हा उभे राहिले त्याची ती हकीकत. कोणत्या वर्षी कोणत्या दिशेला स्वारी केली, याची वर्षवार यादीच त्यात आहे. नंद राजाने पूर्वी कलिंगातून नेलेली जिनमूर्ती मगधावर चालून जाऊन परत आणली, असा अभिमानाने उल्लेख आहे. म्हणजे मगधाने कलिंगाला लुटले, मगधाच्या अशोकाने कलिंग तुडवले, आणि पुढे कलिंगाने मगधाला नमवले. खारवेलाने आपले कारण लिहून ठेवले: जुना अपमान. पण त्याच्या लेखात मेलेल्यांचा आकडा नाही. अशोकाने आकडा दिला, कारण दिले नाही. खारवेलाने कारण दिले, आकडा दिला नाही. या दोन दगडांमध्ये दहा-बारा किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय कोणी परत येऊ नये.

परतीच्या प्रवासात, विशाखापट्टणम गेल्यावर, दिवे मालवलेल्या डब्यात नदीला हात जोडणाऱ्या मावशी जवळ येऊन बसल्या. त्यांचा धाकटा मुलगा रोज पहाटे मैदानावर धावतो, भरतीची तयारी करतो. २०२२ साली अग्निपथ योजना आली, तिच्यात चार वर्षांची नोकरी, आणि त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. मावशींना हे सगळे पाठ आहे. मुलाला त्या अडवीत नाहीत. घराचे हप्ते आहेत, मोठ्या मुलीचे लग्न झाले त्याचे देणे आहे. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दोन दिवस कारणं कारणं करताय. माझा पोरगा पगारासाठी चाललाय, हे मला ठाऊक आहे. उद्या त्याला कुठं पाठवलं, तर ते कशासाठी, हे मला कोण सांगणार?"

आम्ही त्यांना सांगितले की पूर्वी राजे कोणालाच सांगत नसत, आता आपण मत देतो, लोकसभा आहे, तिथे विचारता येते. त्यांनी मान हलवली. पण आमच्याच लक्षात आले की विचारता येते आणि विचारले जाते यात फरक आहे. मत देऊन आपण पाच वर्षे गप्प बसलो तर आपण तोसलीची प्रजा ठरतो. चांगला राजा मिळाला तर लेकरे म्हणवून घ्यायचे, वाईट मिळाला तर आकड्यात जायचे.

तथागतांनी सिंह सेनापतीला दिलेले उत्तर बाबासाहेबांनी ग्रंथात घेतले आहे. शांततेचे सारे उपाय संपल्यावर न्यायासाठी जो लढतो त्याला दोष नाही, असा त्याचा आशय. म्हणजे आपला धम्म हातात बेड्या घालून बसायला सांगत नाही. देशावर कोणी चालून आले तर लढावे लागते, आणि आपली मुले त्यात मागे राहिलेली नाहीत. परंतु त्यात एक अट आहे: सारे उपाय संपल्यावर. ते उपाय केले होते का, पाच माणसांची चौकशी बसवली होती का, हे विचारण्याचा पहिला हक्क ज्यांच्या घरची मुले जातात त्यांचा. टीव्हीवर आवाज चढवणाऱ्यांचा नव्हे. आणि कोणी एकच कारण छातीठोकपणे सांगू लागला, मग ते सुरक्षेचे असो, धर्माचे असो, अपमानाचे असो, तर बंदरे, तेल, जमीन आणि निवडणूक हे चार रकानेही उघडून पाहावेत. कधी सांगितलेले कारण खरे निघेल, कधी दुसरेच निघेल. पण वही उघडल्याशिवाय कळणार नाही.

परतल्यावर आमच्या विहारात एक प्रथा सुरू केली आहे. अशोक जयंतीला तेराव्या शिलालेखाचा मराठी अर्थ एका शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घेतो. त्याच्यामागून धौलीच्या वेगळ्या लेखांचा अर्थ एखादी मुलगी वाचते. मग अर्धा तास चर्चा. पहिल्या वर्षी मावश्या मागे बसल्या होत्या, दुसऱ्या वर्षी पुढे बसल्या. ज्यांना धौलीला जाणे परवडत नाही त्यांनी आपापल्या वस्तीत एवढे तरी करावे. अशोकाने स्वतः लिहून ठेवले होते की आपल्या मुलांनी आणि पणतवंडांनी नव्या विजयाचा विचार करू नये, धम्माचा विजय हाच खरा विजय मानावा. राजाची पणतवंडे काळाच्या पोटात गेली. तो निरोप आता आपल्या मुलांच्या वाट्याला आला आहे, आणि तो त्यांना त्यांच्याच आवाजात ऐकू आला पाहिजे.